पावाच्या पोटातील नवल

पावाच्या दोन कापांमध्ये काहीतरी सारण घालावे आणि तो जोडघास हातात धरून खावा, एवढीच ज्याची व्याख्या, त्या सँडविचच्या पोटात माणसांनी आजवर काय काय भरले आहे हे सांगू लागले तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटेल. शेंगदाण्याच्या लोण्यावर मुरंबा, काळ्या, खारट यीस्टच्या अर्काबरोबर चीज, लोण्यावर भुरभुरलेले चॉकलेटचे दाणे, तळलेल्या बटाट्याच्या फोडी, परतलेल्या नूडल्स, आणि एका इंग्रज बाईंच्या पुस्तकात तर पावाच्या दोन कापांमध्ये पावाचाच तिसरा काप! खाणारी माणसे मात्र थट्टा करीत नसतात. ती हे पदार्थ आवडीने, मुलाबाळांसह आणि वर्षानुवर्षे खात आली आहेत. परक्याला विक्षिप्त वाटणाऱ्या या जोड्यांमागे बहुधा काही ना काही कारण दडलेले असते. कोठे गरिबी, कोठे घाई, कोठे बाजारात एकाएकी स्वस्त झालेला एखादा जिन्नस, तर कोठे निव्वळ जिभेचे शास्त्र.

या पदार्थाला नाव मिळाले ते जॉन माँटेग्यू या इंग्रज उमरावामुळे. सँडविचचे हे चौथे अर्ल १७१८ साली जन्मले व १७९२ साली वारले. इंग्लंडच्या आरमाराचा कारभार त्यांच्याकडे तीन वेळा आला होता. ग्रोस्ली नावाच्या फ्रेंच प्रवाशाने १७७० साली प्रसिद्ध केलेल्या लंडनवरील पुस्तकात असे लिहिले आहे की, एक मंत्री चोवीस तास जुगाराच्या टेबलावर बसून होता आणि उठण्याची सवड नसल्यामुळे त्याने भाजलेल्या पावाच्या दोन कापांत मांसाचा तुकडा घालून तेवढ्यावर भागविले. अर्लच्या चरित्रकाराला ही जुगाराची कथा फारशी पटलेली नाही. कचेरीतल्या मेजावर कामाचे कागद पसरलेले असताना ही सोय सुचली असावी, असा त्याचा तर्क आहे. ते काही असो. इतिहासकार एडवर्ड गिबन याच्या रोजनिशीत १७६२ च्या नोव्हेंबरात ‘सँडविच’ हा शब्द आलेला आहे आणि इंग्रजीतील तो पहिला लेखी उल्लेख समजतात. अर्लमहाशयांनी दिले ते नाव. भाकरीवर ठेचा घेऊन बांधावर बसणाऱ्या शेतकऱ्याला, किंवा पोळीला तूप-साखर लावून तिची सुरळी मुलाच्या हाती देणाऱ्या आईला, ही युक्ती शिकविण्यासाठी कोणा उमरावाची गरज नव्हती.

पावाच्या पोटात पाव घालण्याची कृती श्रीमती बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थेवरील जाडजूड ग्रंथात सापडते, आणि तीही रुग्णांच्या पथ्याच्या प्रकरणात. भाजून गार केलेला पातळ काप लोणी लावलेल्या दोन साध्या कापांमध्ये ठेवावयाचा आणि वर चवीपुरते मीठ व मिरपूड भुरभुरावयाची. २०११ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या संस्थेने ही कृती पुन्हा उजेडात आणली आणि साडेसात पेन्समध्ये होणारे हे जेवण सर्वांत स्वस्त म्हणून जाहीर केले. वर्तमानपत्रांना लिहावयास गमतीदार विषय मिळाला. परंतु त्या कृतीत मर्म आहे. सारणात नवी चव काहीच नाही, मऊ व कुरकुरीत यांची जोडी तेवढी आहे. घास दाताखाली आला की कानालाही काम मिळते. वरणभाताशी पापड मोडून खाणाऱ्या घरात याचे फारसे स्पष्टीकरण करावे लागू नये.

अमेरिकेतील शेंगदाण्याच्या लोण्याची व मुरंब्याची जोडी आता जगाला इतकी ठाऊक झाली आहे की, तिच्यातला विक्षिप्तपणाही झिजून गेला आहे. ही जोडी छापील स्वरूपात प्रथम दिसते ती १९०१ साली, बॉस्टनच्या पाकशाळेच्या मासिकात. ज्यूलिया डेव्हिस चँडलर या लेखिकेने पावाचे अगदी पातळ तीन थर व त्यांमध्ये सारणाचे दोन थर सुचविले होते: एक शेंगदाण्याच्या वाटणाचा व दुसरा फळांच्या जेलीचा. त्या वेळी शेंगदाण्याचे लोणी हा चहापानाच्या उंची दालनांत मिळणारा पदार्थ होता. पुढे कारखाने निघाले, ते स्वस्त झाले, आणि १९२८ च्या जुलैत मिसुरी राज्यातील चिलिकोथी या गावी यंत्राने कापलेला पाव प्रथमच विक्रीस आला. सुरी हाताळण्याची गरज उरली नाही, तेव्हा लहान मुलालाही आपले सँडविच आपण तयार करता येऊ लागले. पाठोपाठ आलेल्या मंदीच्या वर्षांत पोटभरीचा आणि स्वस्त असा हा घास घरोघर स्थिरावला. कापलेल्या पावाची तेथील लोकांना एवढी सवय जडली की, युद्धकाळात, १९४३ च्या जानेवारीत, सरकारने त्यावर बंदी घातली, ती दोन महिने पुरे होण्याच्या आत उठवावी लागली!

ही जोडी जमते का? शेंगदाण्याचे लोणी स्निग्ध, किंचित खारट आणि टाळ्याला चिकटणारे. नुसते खाल्ले तर दोन घासांत जीभ जड होते. मुरंब्यातील आंबटपणाने तोंडाला पाणी सुटते, चिकटलेला घास सुटा होतो आणि मिठाच्या कणाने गोडी अधिक उठून येते. शिवाय स्निग्ध थर पावाला लागलेला असल्यामुळे मुरंब्याचा ओलावा पावात लवकर झिरपत नाही. सकाळी बांधलेला डबा दुपारी उघडला तरी पावाचा लगदा झालेला नसतो. म्हणूनच जाणत्या गृहिणी दोन्ही कापांना आधी शेंगदाण्याचे लोणी फासतात व मुरंबा मधोमध ठेवतात. एल्व्हिस प्रेस्ली या गायकाला याच लोण्याबरोबर केळे घालून तळलेले सँडविच विशेष प्रिय होते, त्याचीही पुष्कळ टवाळी झाली. पण गूळ-शेंगदाणे मुठीत घेऊन वाढलेल्या, संक्रांतीला तिळाबरोबर दाण्याचे कूट कढईत ढकलणाऱ्या आणि शिकरणाशी पोळी खाणाऱ्या मराठी माणसाने यावर नाक मुरडावे, हे काही शोभणारे नाही.

यीस्टच्या अर्काचे प्रकरण मात्र निराळे आहे. त्याची आवड लहानपणीच लागावी लागते. बिअर गाळल्यावर पिंपाच्या तळाशी यीस्टचा जो गाळ उरतो, त्यापासून इंग्लंडात बर्टन येथे १९०२ पासून ‘मार्माइट’ तयार होऊ लागले. पहिल्या महायुद्धाने आयात विस्कळीत झाली, तेव्हा ऑस्ट्रेलियात सिरिल कॅलिस्टर या रसायनशास्त्रज्ञाने त्याच धर्तीवर ‘व्हेजिमाइट’ काढले. ते १९२३ साली बाजारात आले. दिसायला डांबर, वासाला उग्र आणि चवीला मिठाचा खडा. नवखा मनुष्य जॅमसारखा त्याचा जाड थर देतो आणि पहिल्याच घासाला हात टेकतो. खरी रीत अशी की, आधी भरपूर लोणी आणि त्यावर या अर्काचा केवळ रंग दिसेल इतका पातळ लेप. मग हवे तर चीजचा काप. अशा वेळी जी भरदार, रेंगाळणारी चव लागते, तिचे मूळ ग्लुटामेट या द्रव्यात आहे. टोकियोचे प्राध्यापक किकुनाए इकेडा यांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या काढ्यातून ते वेगळे केले व त्या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. चीजमध्येही तेच द्रव्य असते. तेव्हा परक्याला जी जोडी दोन विजोड वस्तूंची वाटते, ती प्रत्यक्षात दोन सख्ख्या बहिणींची आहे.

या काळ्या अर्काचा मुंबईशी एक जुना आणि फारसा कोणाच्या ध्यानात नसलेला संबंध आहे. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ साली मुंबईस आल्या, त्या गर्भवती स्त्रियांना जडणाऱ्या एका गंभीर पंडुरोगाचा शोध घेण्यासाठी. हा रोग विशेषेकरून गरीब घरांतल्या, कापडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांत आढळत असे. रोगजंतूंचा माग लागेना, तेव्हा बाईंनी त्या स्त्रियांच्या ताटात काय पडते हे पाहण्यास आरंभ केला आणि अन्नातच काही उणे असावे या निष्कर्षावर त्या आल्या. प्राण्यांवर व मग रोग्यांवर प्रयोग करताना त्यांना दिसले की, यीस्टच्या अर्काने, म्हणजे याच मार्माइटने, रक्त भराभर सुधारते. १९३१ साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या अर्कातील अज्ञात द्रव्याला काही काळ ‘विल्स घटक’ म्हणत. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून जे फॉलिक ॲसिड वेगळे काढण्यात आले, तेच हे द्रव्य होय. आज गर्भवतीला डॉक्टर ज्या गोळ्या आवर्जून देतात, त्यांची वाट परळ-लालबागच्या वस्तीतून आणि न्याहारीच्या पावावर फासावयाच्या या खारट लेपातून गेलेली आहे. एवढे कळल्यावरही तो कोणाला आवडेलच असे नाही, परंतु त्याला हसणे थोडे कठीण जाईल.

हॉलंडमध्ये लोणी लावलेल्या पावावर चॉकलेटचे बारीक दाणे पसरून न्याहारी करतात, आणि मुलेच नव्हे, कचेरीला निघालेले प्रौढही ती करतात. चॉकलेटचे हे दाणे १९३६ पासून तेथे विक्रीस आहेत. घरात मूल जन्माला आले की पाहुण्यांना कडक टोस्टवर साखरेचे कवच चढविलेली रंगीत बडीशेप घालून देण्याचीही त्या देशात चाल आहे. जेवणानंतर तळहातावर घ्यावयाची आपली गोळीवजा बडीशेप लोण्याच्या पावावर बसलेली पाहून एखाद्या पुणेकराला हसू येईल खरे. पण पाहुण्याचे तोंड गोड करण्याचा हेतू दोन्हीकडे सारखाच. जपानात सॉसमध्ये परतलेल्या नूडल्स लांबट पावात भरून विकतात व शाळकरी मुलांची त्यावर उडी पडते. इंग्लंडच्या उत्तर भागात तळलेल्या बटाट्याच्या जाड फोडी लोणी लावलेल्या पावात कोंबून खातात. आहारशास्त्र्याला हे दोन्ही प्रकार खटकतात, कारण पिठूळ पदार्थात पुन्हा पिठूळच पदार्थ! श्रमिकाची भूक मात्र हिशेब असा मांडीत नाही. कमीत कमी पैशांत, एका हातात मावेल असे, संध्याकाळपर्यंत टिकणारे इंधन त्याला हवे असते.

दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहरात तर कापांचीही आवश्यकता उरली नाही. १८६० पासून तेथे उसाच्या मळ्यांवर भारतीय मजूर नेण्यात आले. त्यांच्या मागोमाग व्यापारी गेले, भोजनगृहे निघाली. तेथे अर्धा पाव उभा कापून, आतला गर काढून, त्या पोकळीत झणझणीत रस्सा भरतात आणि काढलेल्या गराचे बूच वर ठेवतात. या पदार्थाला ‘बनी चाऊ’ म्हणतात, आणि त्यातला ‘बनी’ म्हणजे आपला ‘बनिया’, अशी व्युत्पत्ती बहुधा सांगितली जाते. तो का निघाला याविषयी दोन मते आहेत. मळ्यावर न्यावयास भांडे नको म्हणून, असे एक मत. वर्णभेदाच्या काळात काळ्या गिऱ्हाइकाला भोजनगृहात बसू देता येत नसे, म्हणून मागच्या खिडकीतून हाती देता येईल असे खाद्य शोधून काढले, हे दुसरे. दुसरे मत खरे असेल तर पाव हे येथे ताट झाले, ते ताट देण्याची मनाई होती म्हणून.

कोणाच्या हातचे खावे आणि कोणाला शेजारी बसवावे, हा प्रश्न निघाला की मराठी मुलखाचीही आठवण झाल्यावाचून राहत नाही. इतर देशांत पाव ओळखीचा आणि सारण अनोळखी, म्हणून नवल. येथे गोष्ट नेमकी उलट होती. सारणे सगळी घरचीच होती, नवल होते ते पावाचे. पाव परक्याच्या भट्टीत, परक्याच्या हाताने मळला जाई. त्याला सूर घालून आंबवीत. त्याला स्पर्श करणे म्हणजे जातीला मुकणे. पाद्री लोक विहिरीत पावाचा तुकडा टाकून जात आणि नकळत ते पाणी प्यालेले अवघे गाव बाटले म्हणून वाळीत पडे, अशा कथा गोव्यात व वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. प्रत्येक कथा अक्षरशः घडली असेल असे नव्हे. पण अशी कथा खरी मानली जावी, एवढी त्या तुकड्याची दहशत होती, यात संशय नाही.

या दहशतीमुळेच तो तुकडा बंडाचेही साधन झाला. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्यासारखी विद्वान मंडळी तिच्यात होती. जातिभेद मानणार नाही अशी शपथ घेणाऱ्या नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन ती सिद्ध करावी लागे. त्या पावात काही सारण घालीत नसत. नुसता कोरडा तुकडाच गिळणे पुष्कळांना जड गेले असेल. हे सर्व गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली, नावे बाहेर पडली आणि सभा मोडली. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा प्रसंग घडला. टिळक आणि रानडे यांच्यासारखी माणसे तेथे होती, तरी प्रायश्चित्ताचा वाद उसळला आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. ज्या समाजात एका बिस्किटापायी असे रण माजले, त्याच समाजाची पोरे पाऊण शतकानंतर रस्त्यात उभी राहून पाव खाऊ लागली. हे परिवर्तन व्याख्यानांनी जितके केले त्याहून अधिक गाडीवाल्यांनी केले असावे. आणि त्यांनी ते पावात घरची भाजी घालून केले.

गोव्यात ही तडजोड आधी झाली. १५१० मध्ये पोर्तुगीज आले, त्यांच्यामागून भट्ट्या आल्या. साष्टीतील माजोर्डे या गावचे पोदेर पाव भाजण्यात प्रवीण म्हणून नावाजले. यीस्ट मिळत नसे, म्हणून माडाची सूर वापरून पीठ फुगवीत, आणि तिचा हलका आंबूस वास पावाला येई. आता बहुतेक भट्ट्यांत यीस्टच वापरतात. तरी पहाटे सायकलवरून भोंगा वाजवीत येणारा पोदेर गोव्याला अजून जागे करतो. कडक कवचाचा उंडो, कोंड्याची, आतून पिशवीसारखी पोकळ असणारी पोय, कातऱ्यांचा पाव, गोल कांकण, असे त्याच्या टोपलीत प्रकार असतात. पोय जणू सारणासाठीच जन्मास आलेली. ख्रिस्ती घरांत उंड्यात किंवा पोयीत चोरिस भरतात. चोरिस म्हणजे माडाच्या व्हिनेगरात मुरलेली, मिरची-लसणीची लालभडक डुकराच्या मांसाची सॉसेजे. त्यांची चरबी व आंबट तिखट पावाच्या गरात उतरते आणि पाव त्या दोहोंचा जोर मोडतो. हिंदू खाणावळीत त्याच उंड्याबरोबर वाटाण्याची पातळ भाजी किंवा खोबऱ्याच्या वाटपाचे तोणाक. पाव एकाच भट्टीतला, सारण ज्याच्या त्याच्या घरचे.

मुंबईच्या वडापावाविषयी इतके लिहिले गेले आहे की, नवीन सांगण्यासारखे थोडेच. तथापि नावाकडे सहसा कोणी पाहत नाही. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज, ‘बटाटा’ हाही पोर्तुगीज. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आली. ‘वडा’ तेवढा संस्कृत ‘वटक’ शब्दाचा वंशज. म्हणजे ज्या खाद्याला मराठी अस्मितेची निशाणी म्हणून मिरविले जाते, त्याच्या नावातले व सारणातले निम्मेअधिक सामान समुद्रापलीकडून आलेले आहे. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ साली वडा पावात घालून विकावयास प्रारंभ केला, असे सामान्यतः मानतात. त्यापूर्वी वडा होता, पावही होता. पण गिरणीची पाळी गाठणाऱ्या माणसाला द्रोण, चमचा आणि बसावयास जागा या तिन्ही गोष्टी नको होत्या. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि पुष्कळांची नोकरी कायमची गेली. त्यांतल्या कित्येकांनी वडापावाच्या गाड्या टाकल्या. जो घास ते पाळीवर जाताना खात, तोच विकून त्यांनी संसार रेटला.

उत्तर इंग्लंडातला बटाटे-पाव आणि हा वडापाव यांची कुळी एकच. पण वडापावात कारागिरी अधिक. वड्याचे बेसनाचे कवच पावाचा मऊपणा मोडते. आतल्या बटाट्याला स्वतःची चव अल्प, म्हणून आले, लसूण व मिरची यांना तो आपल्यात सामावून घेतो. सुकी लसणीची चटणी मुद्दाम कोरडी ठेवलेली असते, म्हणजे पाव ओला न होता तिखटाचा झटका बसतो. तिखटाला उतारा पाणी नव्हे. मिरचीतील दाहक द्रव्य पाण्यात विरघळत नाही, ते स्निग्ध पदार्थात विरघळते, आणि पावाचा गर ते जिभेवरून टिपून घेतो. वड्याच्या पिठाचा कढईत तळून निघालेला चुरा वरून घालतात, तो कानासाठी.

मुंबईच्या फुटपाथवरचे सँडविच हा याहूनही विलक्षण प्रकार आहे. केंद्र सरकारने १९६५ साली मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि कापलेला पाव शहरोशहरी मिळू लागला. साहेबाच्या घरच्या काकडीच्या सँडविचचा ठसा आधीपासून होताच. लंडनमधील खानदानी चहापानात काकडीचे कागदासारखे काप मीठ लावून, पाणी निथळून, कडा कापलेल्या पावात ठेवीत. ऑस्कर वाइल्डच्या १८९५ सालच्या नाटकात आत्याबाईंसाठी केलेली ती सँडविचे भाचाच फस्त करतो. पोट भरण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि नसणे हेच त्यांचे भूषण होते. मुंबईकराने काकडी ठेवली. बाकी सारे बदलले. लोण्यावर कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी आली. उकडलेला बटाटा आला, कांदा व टोमॅटो आले, आणि इंग्रज पाहुणा ज्याकडे थबकून पाहतो तो उकडलेल्या बिटाचा जांभळा कापही आला. वर चाट मसाला, आणि भाजून घेतले तर पुन्हा बारीक शेव.

यातला प्रत्येक जण आपापले काम करतो. लोणी पावाला पाण्यापासून राखते. चटणीच्या तिखट-आंबटाने भूक चाळवते. बटाटा पोटाला आधार देतो. बीट मातकट गोड असते, ते चटणीची धार बोथट करते. काकडी आणि टोमॅटो यांच्या ओलाव्याने कोरडा काप घशाखाली उतरतो. याच ओलाव्यामुळे हे सँडविच डब्यात नेण्यासारखे नाही. गाडीजवळ उभे राहून, कागद हातात धरून, तेथल्या तेथे संपविण्याचा हा जिन्नस. घरी तेच साहित्य आणून तशीच चव का येत नाही, असे विचारले जाते. घरी चटणी बेताने लावतात आणि लोणी हात राखून, हे त्याचे एक साधे उत्तर.

कच्छमधील मांडवी गावाने जी दाबेली दिली तिच्यात तर गोडाची बाजू अधिक धीटपणे पुढे आली. १९६० नंतरच्या दशकात तेथील केशवजी गाभा चुडासमा यांनी ती प्रचारात आणल्याचे सांगतात. मसालेदार बटाट्यावर चिंच-खजुराची चटणी, मसाल्याचे शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे, क्वचित द्राक्षेही. पावात डाळिंब म्हटले की प्रथम कोणीही चमकेल. पण दाताखाली दाणा फुटतो तेव्हा जो थंड, आंबटगोड थेंब सुटतो, त्याने तेलकट मसाला धुऊन निघतो. बॉस्टनच्या बाईंनी जेलीकडून जे काम करून घेतले, तेच येथे डाळिंब करते. इंदुरात न्याहारीच्या पोह्यांशी जलेबी खाणाऱ्यांना यात नवल वाटत नाही. त्यांच्याच छप्पन दुकानांच्या ओळीत गोल पावात बटाट्याची टिक्की घालून तिला ‘हॉट डॉग’ म्हणतात, त्याचेही त्यांना वाटत नाही.

वडोदऱ्यात गायकवाडांच्या काळापासून राहिलेल्या मराठी घरांनी त्या शहराच्या रस्त्याला एक शब्द दिला आहे. तेथील सेव-उसळ गुजराती गाडीवर, गुजराती मालकाकडून मिळते. पण तिला कोणी दुसरे नाव दिलेले नाही, आणि वाटाण्याच्या रश्शावर तरंगणाऱ्या लाल तिखट तेलालाही तेथे ‘तरी’च म्हणतात. पाव बाजूला येतो. गिऱ्हाईक आधी तो बुडवून खाते, ताटलीत थोडी उसळ व भिजलेली शेव उरली की शेवटचा पाव बोटांनी मधोमध उकलते, ते सारे त्याच्या पोटात भरते आणि हातावर ओघळ येण्याच्या आत तोंडात घालते.